आयएमएफची मोफत आकडेवारी: ओमानला माल पाठवणाऱ्यांना कितपत उपयोगी?

वाशीच्या मसाला मार्केटमधून किंवा रबाळे-महापेच्या एमआयडीसीतून ओमानला माल जाणार असेल आणि समोरची पार्टी ९० दिवसांची उधारी मागत असेल, तर आधी त्या देशाची आर्थिक तब्येत बघा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची (आयएमएफ) देशोदेशीच्या आकडेवारीची ही सेवा फुकट आहे आणि दर्जेदार आहे. मात्र बहुतेक जण तिथून नेमका चुकीचा आकडा उचलतात.

आयएमएफच्या वेबसाइटवरच्या 'डेटामॅपर' या आलेख-साधनावर ओमान निवडला की समोर येते एकूण वास्तव जीडीपीची, म्हणजे महागाई वगळून मोजलेल्या उत्पादनाची वाढ. तेलाच्या देशात ती फसवते. ओमान तेल निर्यातदार देशांच्या ओपेक संघटनेचा सदस्य नाही, पण ओपेक आणि इतर तेल उत्पादकांच्या ओपेक प्लस करारात आहे. मे २०२३ पासून त्याने तेल उत्पादनात दिवसाला ४० हजार पिंपांची कपात केली, जानेवारी २०२४ पासून आणखी ४२ हजारांची. वास्तव जीडीपीत पिंपं मोजली जातात, तेलाचा भाव नाही. त्यामुळे कपात झाली की वाढीचा दर खाली येतो, पण मस्कतच्या दुकानांतला खप तेवढा पडलेला नसतो. डॉलरमधला चालू किमतींचा जीडीपी याच्या उलट वागतो, तेल महागलं की फुगतो. दोन्हींवर ऑर्डर ठरवू नका.

कामाचा आकडा 'आर्टिकल फोर' अहवालात, म्हणजे आयएमएफच्या त्या देशाच्या नियमित आर्थिक तपासणीच्या अहवालात मिळतो. पीडीएफ उघडून थेट निवडक आर्थिक निर्देशकांच्या तक्त्यावर जा. तिथे वाढ दोन ओळींत फोडलेली असते: हायड्रोकार्बन (तेल-वायू) आणि बिगर-हायड्रोकार्बन. आपल्या कामाची दुसरी, कारण बांधकाम, व्यापार, हॉटेलं तिच्यात येतात. खाली सरकारी कर्जाची ओळ बघा. २०२० मध्ये जीडीपीच्या सुमारे दोन-तृतीयांशावर गेलेलं कर्ज २०२४ पर्यंत एक-तृतीयांशाच्या आसपास आलं. ओमानवर भरवसा ठेवायला आमच्या मते हे सर्वांत भक्कम कारण.

मग आयएमएफच्याच मध्यपूर्वेच्या प्रादेशिक अहवालाच्या परिशिष्टातला 'ब्रेकइव्हन' भाव काढा, म्हणजे अर्थसंकल्पात तूट न येण्यासाठी लागणारा तेलाचा भाव. सरकारने अर्थसंकल्पात गृहीत धरलेला भाव हा वेगळा आकडा: ओमानच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात पिंपाला ६० डॉलर धरले होते. बाजारभाव धरलेल्या भावाच्या खाली बराच काळ राहिला, तर कात्री प्रकल्पांच्या खर्चाला लागण्याची भीती. ठेकेदाराचं बिल अडकलं की पंप-व्हॉल्व्ह पुरवणाऱ्याचे पैसेही अडकतात. अशा वेळी इंजिनीअरिंगवाल्यांनी एलसीशिवाय (बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्राशिवाय) माल सोडू नये. तांदूळ-मसाल्याला ही झळ कमी आणि उशिरा लागते.

उणिवाही आहेत. आर्टिकल फोर साधारण वर्षातून एकदाच. आयएमएफचा जागतिक अंदाजांचा अहवाल, वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक, एप्रिल-ऑक्टोबरला पूर्ण येतो, जानेवारी-जुलैच्या सुधारणेत मोजकेच देश असतात. पुढच्या वर्षांचे अंदाज तेलाच्या वायदेभावावर (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या भावावर) बेतलेले असतात, तो भाव हलला की अंदाजही जुना झाला. आउटलुकच्या डेटा फाइलमध्ये प्रत्यक्ष आकडे कोणत्या वर्षापर्यंतचे, हे सांगणारा रकाना असतो, तो न बघता आलेख काढू नका. महिन्याचे आकडे हवे असतील तर ओमानचं राष्ट्रीय सांख्यिकी केंद्र, एनसीएसआय, जास्त ताजं.

चलनाची धास्ती इथे कमी. १९८६ पासून एक रियाल २.६००८ डॉलरला बांधलेला आहे, म्हणजे फॉरवर्ड कव्हर (पुढच्या तारखेचा विनिमय दर आधीच पक्का करणं) घ्यायचं ते रुपया-डॉलरचं. जकातीचे दर मात्र या सेवेत शोधू नका. भारत-ओमान सीईपीए या व्यापार करारावर १८ डिसेंबर २०२५ ला सह्या झाल्या, आपल्या मालाच्या एचएस कोडला (जकातीच्या वर्गवारीतल्या क्रमांकाला) किती सवलत आणि ती लागू कधीपासून, हे न्हावा शेवाला कंटेनर लावण्यापूर्वी सीएचएकडून (कस्टम्स एजंटकडून) लेखी घ्या.