बिल चार नव्या इंजेक्टरचं, गाडीत नवा एकही नाही

माझी पिकअप २०१८ ची, बीएस-४, कॉमन रेल डिझेल. मीच मालक, मीच ड्रायव्हर. एप्रिल-मेमध्ये देवगडहून आंब्याच्या पेट्या भरायच्या, फोंडा घाट चढायचा आणि राधानगरीवरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याआधी पोचायचं. या दोन महिन्यांत गाडी एक दिवस उभी राहिली तरी वर्षाचं गणित बिघडतं. हे मला जेवढं माहीत, तेवढंच समोरच्यालाही माहीत होतं.

मागच्या सीझनला गाडी घाटात अडखळायला लागली. सपाटीला काही नाही. भरल्या गाडीने तिसऱ्या गियरला एक्सलेटर दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग एक झटका आणि मागे काळा धूर. टर्बोची, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याची, ओढ म्हणून जी असते ती लागायचीच नाही. पिकअपलाच पिकअप नाही म्हणून यार्डातले हमाल हसायचे. चौथ्या खेपेला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेना.

कुणीतरी हायवेजवळचं पंप-नोजलचं दुकान सांगितलं, म्हणजे गाडीचा डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणारं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, बोलताना त्यालाच नोजल म्हणतात. काचेमागे टेस्टिंग मशीन, भिंतीवर सर्टिफिकेटं. मालक तर साखरेच्या पाकातला. "या दादा, आधी चहा घ्या." स्कॅनर लावला, पडदा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "बघा, इंजेक्टरचा एरर." मी मोबाइलवर फोटो काढला, घरी दाखवायला, की एवढा खर्च उगाच केला नाही. फोटो काढला, पण वाचला नाही.

दुपारी फोन आला. चारही नोजल गेलेत, पंपात लोखंडाचे कण आलेत, असंच चालवलं तर रेलही (चारही नोजलना दाबाचं डिझेल पुरवणारी नळी) जाईल आणि मग दीड लाखाच्या खाली भागणार नाही. सोबत ट्रेमध्ये मांडलेल्या चार काळ्या नोजलचा फोटो. डिझेल इंजिनातला कुठलाही नोजल काढा, तो काळाच निघतो. हे शहाणपण आताचं. तेव्हा मी फक्त "उद्या मिळेल का?" एवढंच विचारलं.

एकूण ६२,५०० रुपये. त्यातले ३०,००० यूपीआयने, तेही दुकानाच्या नाही, भलत्याच कुणाच्या नावावर. बाकी रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, टॅक्स तुमच्याच अंगावर येईल, कशाला? मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. हातात आली ती वहीच्या कागदावरची चिठ्ठी: पंप, ४ नवे नोजल, लेबर. जुने नोजल परत मागितले तर ते एक्सचेंजमध्ये कंपनीला जातात म्हणे. एक्सचेंजची पद्धत खरोखरच असते, म्हणून गप्प बसलो. ट्रायल दिली ती रिकाम्या गाडीची, सरळ रस्त्यावर. रिकामी गाडी काय, आधीही पळतच होती.

पुढच्याच खेपेला फोंड्यात पुन्हा तेच. शिवाय गाडी उभी असताना इंजिनात नवीनच ठकठक.

आमच्या गावात एक म्हातारे फिटर आहेत. मी इतके दिवस त्यांच्याकडे गेलो नव्हतो, कारण ते जुन्या गाड्यांचे, त्यांना सेन्सरचं काय कळणार. काकांनी हौद्यात चिरे भरायला लावले, गाडी चढणीला घातली आणि स्वतः मागे उभे राहून धूर बघितला. "काळो धूर येता म्हणजे डिझेल पोचता मरे. वारो खंय जाता तां बघ आधी. तुका इंजेक्टर गेले म्हणून कोणी सांगल्यान?"

खरंच आहे. पंप दाब देत नसेल तर डिझेल कमी पडेल, मग असा काळा धूर कुठून येणार? टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी होज पाइपला खालच्या बाजूने बोटभर चीर होती, भोवती तेलकट काजळी. गाडी उभी असताना चीर मिटलेली. टर्बोने दाब धरला की उघडायची आणि हवा फुस्सकन बाहेर. नवा होज आणि दोन क्लिपा मिळून ११०० रुपये. त्याच संध्याकाळी गाडी चिऱ्यांसकट चढण चढली.

काकांच्या मुलाने माझा तो फोटो वाचला. पडद्यावर होतं पी-०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. त्या माणसाने मला खरं दाखवलं होतं आणि खोटं वाचून दाखवलं होतं.

मग मुलाने इंजेक्टरचे कोड तपासले. अशा इंजेक्टरच्या डोक्यावर कोड कोरलेला असतो, इंजेक्टर बदलला की तो स्कॅनरने ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, त्यावरून कुणाला किती डिझेल द्यायचं ते ठरतं. ईसीएममध्ये अजून जुनेच चार कोड होते. त्यातले दोन इंजिनवर जसेच्या तसे, म्हणजे ते इंजेक्टर हललेच नव्हते. उरलेले दोन इंजेक्टर भलतेच, ब्रशने घासून चकचकीत केलेले. ठकठक त्यांचीच.

इंजेक्टर गेले असं कुणी म्हटलं तर रिटर्न टेस्ट समोर करायला सांगा. चारही रिटर्नच्या, म्हणजे इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या, नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा भराभर भरते तो दोषी. इंजेक्टर इंजिनवरच असतात, काही खोलावं लागत नाही. मी तिथे बसून दोन चहा प्यायलो, तेवढ्यात झालं असतं.

दुकानात परत गेलो तर तोच गोड आवाज: "दादा, बाहेर कुठेतरी बदलले असतील." यार्डातले दोघे सोबत होते म्हणून १५,००० सुटले. बाकीच्यासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागू नाही असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं, पण २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरणाऱ्यासाठी सूट आहे आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. पक्कं बिल नाही ही माझी लंगडी बाजू. चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि ते दोन फोटो एवढंच हातात आहे.

मुलाने त्या दोन इंजेक्टरचे कोड भरून दिले, ठकठक बरीच कमी झाली. माझे मूळचे दोन कुणाच्या गाडीत "नवे" म्हणून बसलेत, कोण जाणे.