तळघरात रेंज नाही आणि गिऱ्हाइकाला कार्डच द्यायचंय: मशीन, लिंक की आधीच ॲडव्हान्स?

ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवली, वाघबीळच्या बाजूला उभ्या राहिलेल्या कितीतरी टॉवरच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन मजल्यांचं पार्किंग आहे. आमचं बरंचसं काम तिथेच चालतं. माणूस इलेक्ट्रिक गाडी घेतो, मग चार्जरसाठी इलेक्ट्रिशियन शोधतो. मीटर रूमपासून त्याच्या पार्किंगपर्यंत केबल ओढायची, एमसीबी, अर्थिंग, सगळं धरून बिल तीस-चाळीस हजारांवर जातं. एवढी रक्कम कुणी रोख देत नाही. बरेच जण क्रेडिट कार्ड काढतात, कारण पैसे भरायला सवड मिळते किंवा हप्ते पाडून घेता येतात. आणि कार्ड निघतं ते जमिनीखाली दोन मजले, जिथे फोनवर एक काडीसुद्धा नसते.

साइटवर माझा दीर जातो, पैशांचा हिशोब मी बघते. गेल्या काही वर्षांत आम्ही जवळजवळ सगळे मार्ग वापरून पाहिले. तुम्ही प्लंबिंग, लिफ्ट, पंप, सुतारकाम असं काही करत असाल आणि कार्ड मशीन घ्यावं की नाही या विचारात असाल, तर निर्णयाला उपयोगी पडेल ते सगळं इथे लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण त्यावर आम्ही स्वतः दोन महिने घालवले. मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवलं की ते क्षणात उघडतं, मग आमच्या मशीनवर कार्ड ऑफलाइन का चालू नये, असा आमचा प्रश्न होता. गेटवर चालतं ते कार्डात आधी भरून ठेवलेल्या छोट्या शिलकेतून. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये ऑफलाइन व्यवहारांची चौकट आणली, तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपयांची मर्यादा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ती ५०० झाली. डिसेंबर २०२४ मध्ये यूपीआय लाइटसाठी, म्हणजे फोनमध्ये आधी पैसे भरून ठेवायच्या छोट्या पाकिटासाठी, एका व्यवहाराला १,००० आणि एकूण शिलकेला ५,००० अशी मर्यादा ठरली. चहा, वडापाव, रिक्षाभाडं यांना हे पुरतं, पस्तीस हजारांच्या बिलाला नाही. परदेशात काही मशीनं कार्डाची माहिती साठवून ठेवतात आणि रेंज आल्यावर बँकेकडे पाठवतात. त्याचे व्हिडिओ पाहून इथे तसलं मशीन शोधत फिरू नका. आपल्याकडे मोठ्या रकमेला बँकेची मंजुरी त्याच क्षणी यावी लागते.

म्हणून खरी निवड तीन गोष्टींत आहे: नेट मशीनपर्यंत न्यायचं, मशीन नेटपर्यंत न्यायचं, की पैशांची वेळच बदलायची.

नेट मशीनपर्यंत नेणं

कार्डाच्या व्यवहाराला डेटा अगदी थोडा लागतो, काही केबी. व्हिडिओ चालत नाही तिथे कार्ड चालू शकतं. पण ते काही सेकंद जोडणी तुटता कामा नये, आणि तळघरात नेमकं तेच होतं. लोखंडी सळ्यांचा काँक्रीट स्लॅब सिग्नल अडवतो. फाइव्हजीचे ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे लवकर अडतात, तर ८५०-९०० चे पट्टे त्यातल्या त्यात आत शिरतात. त्यामुळे एकाच इमारतीत एका कंपनीची काडी दिसते, दुसरीची दिसत नाही. मोबाइल कंपन्या आता आपापल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे देतात. ते बघावेत, पण त्यावरून रस्त्यावरची रेंज कळते, तुमच्या तळमजल्याखालच्या पार्किंगची नाही.

आमच्या कामी आलेला उपाय साधा आहे. वेगळ्या कंपनीचं सिम घातलेला जुना फोन हॉटस्पॉट लावून रॅम्पच्या तोंडाशी, शक्यतो वॉचमनच्या केबिनजवळ ठेवायचा आणि मशीन वाय-फायवर जोडायचं. मोकळ्या रॅम्पवर वीस-एक मीटरपर्यंत काम होतं, मध्ये वळण किंवा भिंत आली की संपलं. सोसायटीचं ब्रॉडबँड जवळ असेल तर पासवर्ड मागता येतो, पण प्रत्येक वेळी सेक्रेटरीची परवानगी घेणं दिराला पटत नाही, आणि माझंही मत त्याच्यासारखंच आहे. पैशाच्या कामाला जोडणी आपलीच असावी.

इथेच मशीनचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. फोनला ब्लूटूथने जोडायचा छोटा रीडर स्वस्त पडतो, म्हणून पहिल्यांदा आम्ही तोच घेतला. त्याचं नेट फोनमधून येतं, म्हणजे फोन रेंजमध्ये हवा, आणि रीडर फोनजवळच हवा. तळघरात दोन्ही जमत नाही. सिम आणि वाय-फाय दोन्ही असलेलं स्वतंत्र मशीन महाग, त्याला महिन्याचं भाडंही लागतं, तरी असल्या कामाला तेच घ्यावं. घेताना आत सिम कोणत्या कंपनीचं आहे, ते बदलून मिळतं का, दोन सिम बसतात का, हे विचारा. जुनं टूजीचं मशीन कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र लावू नका. परवान्याशिवाय तो बाळगणंही बेकायदेशीर आहे, आणि आजूबाजूच्या सगळ्यांच्या नेटवर्कला त्याचा त्रास होतो.

मशीन नेटपर्यंत नेणं

म्हणजे काम संपल्यावर गिऱ्हाइकाला लॉबीत बोलवायचं. खर्च काही नाही, रेंज असते, हवं तर फोनच मशीन म्हणून वापरता येतो. टॅप करून घेण्याची सोय असलेला फोन असला की पाच हजारांपर्यंत पिनही लागत नाही, त्यावर लागतो. अडचण माणसाची आहे. खाली काम बघून समाधानाने हो म्हणालेला माणूस लिफ्टने वर जाईपर्यंत त्याला दुसरा फोन येतो, बाईसाहेब बाजारात गेलेल्या असतात, कार्ड त्यांच्या पर्समध्ये. तरीही दहातल्या सात-आठ वेळा हाच मार्ग उत्तम चालतो, म्हणून आता काम संपायच्या अर्धा तास आधीच दीर सांगून ठेवतो: "काका, चार्जर चालू करून दाखवतो, मग लॉबीत बसून बिल करू."

वेळ बदलणं

पेमेंट लिंकचा मोठा फायदा म्हणजे रेंज तुमच्याकडे असण्याची गरजच राहत नाही. लिंक व्हॉट्सॲपवर जाते, गिऱ्हाईक वर घरी वाय-फायवर बसून कार्डाने भरतं, ओटीपीही त्याला तिथेच येतो. लिंक देणाऱ्या कंपनीचं कमिशन साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी. तोटा एकच, "रात्री करतो" हे उत्तर. रात्र मग पुढच्या रविवारपर्यंत लांबते.

त्यामुळे मी लिंक कामानंतर पाठवण्याऐवजी आधी पाठवायला लागले. साइट बघून अंदाजपत्रक दिलं की साठ टक्के ॲडव्हान्सची लिंक, उरलेले चाळीस टक्के चार्जर चालू झाल्यावर लॉबीत. केबल आणि सामान आम्हाला आधीच आणावं लागतं, त्यामुळे गिऱ्हाईकही हे समजून घेतं. खाली तळघरात पैशांचा विषयच निघत नाही. तुमच्या कामाचं बिल आधी ठरत नसेल, गळती शोधण्यासारखं काही, तर हे जमणार नाही. तिथे लॉबीच बरी.

यूपीआयचं काय, असं कुणी विचारेल. बचत खात्यातून दिलं तर कमिशन शून्य, त्यामुळे मला तेच आवडतं. पण तळघरात त्यालाही नेट हवं. फोनवर *९९# डायल करूनही यूपीआयचे पैसे देता येतात; त्याला नेट लागत नाही, साधी फोनची रेंज लागते, आणि मर्यादा ५,००० रुपयांची आहे. येऊरच्या एका बंगल्यावर बोलणं होत होतं पण नेट उघडत नव्हतं, तिथे एकदा छोटं बिल आम्ही असंच घेतलं. ठाण्यातल्या टॉवरच्या तळघरात बोलणंही होत नाही, म्हणजे हा मार्ग आपोआप बाद. साउंडबॉक्सलाही सिम असतं, तो खाली गप्प राहतो. तो बोलला नाही म्हणून पैसे आले नाहीत असं नसतं, आणि गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट दाखवला म्हणून आले असंही नसतं. स्वतःच्या खात्यात नोंद दिसेपर्यंत थांबा.

अडकलेल्या व्यवहाराचं काय करायचं

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण नुकसान रेंज नसण्यापेक्षा अर्धवट रेंज असण्याने होतं. एका संध्याकाळी दीर रॅम्प चढून वर आला आणि फोन केला, "वहिनी, मशीन फिरतंय, पावती येत नाहीये." मशीनने शेवटी व्यवहार फसला असं दाखवलं. गिऱ्हाइकाने भलेपणाने दुसऱ्यांदा कार्ड लावलं, ते गेलं. वर आल्यावर त्यांच्या फोनवर दोन मेसेज आले, पैसे दोनदा कापले गेले होते. बत्तीस हजार रुपये. समोरचा माणूस चिडला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजी मला दिराने सांगितल्यावरही झोपू देईना. मशीनवाल्या कंपनीच्या मदतवाहिनीवर दोन दिवस एकच उत्तर येत होतं. पैसे पाचव्या दिवशी परत गेले.

नियम आमच्या बाजूने होता हे मला नंतर कळलं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर ती व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला. आता आमच्याकडे पद्धत अशी की पहिला व्यवहार अडकला तर खाली दुसऱ्यांदा कार्ड लावायचंच नाही. वर यायचं, मशीनच्या यादीत व्यवहाराची स्थिती बघायची, गिऱ्हाइकाच्या मेसेजशी ताडायची आणि मगच पुढे जायचं. चार्जस्लिपवरचा संदर्भ क्रमांक बिलावर हाताने लिहून ठेवतो.

आणि कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे डायरीत लिहून घेऊन "वर जाऊन टाकतो" असं कधीही करू नका, गिऱ्हाईक स्वतः म्हणालं तरी. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचं नेटवर्क यांच्याशिवाय कुणालाच कार्डाचे तपशील साठवता येत नाहीत.

कमिशनचा हिशोब

पस्तीस हजारांच्या बिलावर क्रेडिट कार्डाचे दोन टक्के म्हणजे ७०० रुपये, जीएसटी धरून ८२६. डेबिट कार्डावर, धंद्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर कमाल ०.४० टक्के, म्हणजे १४०. त्याहून मोठ्या धंद्याला ०.९० टक्के, म्हणजे ३१५. दोन्हींवर जीएसटी वेगळा. रुपे डेबिट कार्डाला जानेवारी २०२० पासून शून्य. डेबिट कार्डाचं कमिशन गिऱ्हाइकाकडून वेगळं मागता येत नाही, म्हणून मी दर ठरवतानाच सरासरी खर्च धरते. महिन्याला तीन-चारच बिलं कार्डाने येत असतील तर भाड्याचं मशीन परवडत नाही, लिंक पुरते. आठवड्याला तीन-चार असतील आणि त्यातली निम्मी हप्त्यांवर असतील, तर मशीन पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतं, कारण हप्त्यांचं गिऱ्हाईक लिंकवर रेंगाळतं पण मशीनसमोर लगेच हो म्हणतं.

घेण्याआधी एक दिवस काढा. मशीन देणाऱ्याकडून चाचणीसाठी मागा, तुमच्या कामाच्या दोन-तीन ठरलेल्या इमारतींत खाली उतरा आणि एक-एक रुपयाचा व्यवहार स्वतःच्या कार्डावर करून बघा. तुर्भे-महापेच्या एमआयडीसी शेडमध्ये पत्र्याखाली, ठाण्याच्या तळघरात आणि खारघरच्या नव्या बांधकामावर आम्हाला तीन वेगळी उत्तरं मिळाली. शेडमध्ये मशीनचं स्वतःचं सिम चाललं, बांधकामावर हॉटस्पॉट लागला, तळघरात दोन्ही हरले आणि लॉबीत सगळं सुरळीत झालं.