युद्धकालीन पोस्टरांचा संच: छपाई चांगली, कात्री नडली

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतील उत्पादन वाढावे म्हणून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये निघालेल्या पोस्टरांच्या प्रतिकृतींचा हा संच आहे. कागद जाड व बिनचकाकीचा असल्यामुळे दिव्याचा झोत पडला तरी चित्र नीट दिसते, आणि गडद रंगांचे पट्टे कोठेही डागाळलेले नाहीत. छपाईबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. तक्रार आहे ती चित्रांच्या कडा कापताना दाखवलेल्या बेफिकिरीबद्दल.

संचातील सर्वांत प्रसिद्ध पोस्टर अर्थातच जे. हॉवर्ड मिलर यांचे, 1943 मधील, ‘वुई कॅन डू इट!’ हे आहे. निळा शर्ट, डोक्याला लाल ठिपकेदार रुमाल आणि बाही सरसावून दंड दाखवणारी कामगार स्त्री आता कपांवरही छापली जाते. मूळ पोस्टरच्या तळाशी मात्र डाव्या कोपऱ्यात, ते 15 ते 28 फेब्रुवारी या काळात लावावे, अशी बारीक अक्षरांतील सूचना आहे. वेस्टिंगहाऊस कंपनीने आधीपासून कामावर असलेल्या आपल्याच कामगारांसाठी ते दोन आठवडे भिंतीवर लावले होते; स्त्रियांच्या भरतीशी त्याचा संबंध नव्हता आणि आजची कीर्ती त्याला 1980 च्या दशकापासून मिळाली. ही सगळी हकिकत ज्या एका ओळीवरून उलगडायला सुरुवात होते, तीच ओळ या प्रतीतून कापली गेली आहे. कॉलरवरचा कंपनीचा बिल्ला तेवढा वाचला आहे. सोबतच्या पुस्तिकेने तर या चित्राला ‘स्त्रियांना कारखान्यात बोलावणारी हाक’ म्हणून मोकळे व्हावे, याला काय म्हणावे!

तशी हाक खरोखर कोणत्या चित्रात आहे, हे फिलिप झेक यांच्या 1941 च्या ब्रिटिश पोस्टरात दिसते. दोन्ही हात उंचावलेली स्त्री, तिच्यामागे आकाशात झेपावणारी विमाने आणि खाली, अधिक माहितीसाठी रोजगार कार्यालयात चौकशी करावी, असा रोखठोक मजकूर. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ब्रिटनने 20 ते 30 वयाच्या अविवाहित स्त्रियांवर युद्धसेवेची सक्ती करणारा कायदा केला, म्हणजे आवाहनाच्या पाठोपाठ हुकूम आलाच. सुदैवाने येथे तळाचा मजकूर शाबूत आहे.

माझ्या मते संचाची किंमत वसूल करणारे पोस्टर झां कार्लू यांचे आहे. हातमोजा घातलेली मूठ पान्याने एक नट आवळते आहे आणि ‘प्रॉडक्शन’ या इंग्रजी शब्दातील ‘ओ’ हे अक्षर म्हणजेच तो नट. माणसाचा चेहरा नाही, झेंडा नाही, लढाईचे दृश्यही नाही; चालू यंत्रासमोरून मान वर करून क्षणभर पाहणाऱ्या कामगाराला याहून अधिक काही वाचण्याची सवड नसते, हे कार्लू यांनी नेमके ओळखले होते. फ्रान्सचा पाडाव झाल्यावर अमेरिकेतच राहिलेल्या या चित्रकाराचा उजवा हात तरुणपणीच अपघातात गेला होता. या प्रतीत मोज्याच्या सुरकुत्यांवरची छटा आणि पान्याची धार इतकी स्वच्छ उतरली आहे की पडद्यावरच्या चित्रात ती कधी जाणवली नव्हती.

उरलेली पोस्टरे केवळ संख्या वाढवण्यासाठी घातल्यासारखी वाटतात. सुटी विक्री होत असेल तर कार्लू आणि झेक यांची पोस्टरे अवश्य घ्यावीत. मिलर यांच्या पोस्टरसाठी मात्र तळाची पट्टी न कापता छापणारा दुसरा विक्रेता शोधावा.