भोसरीतलं हीट ट्रीटमेंट: रेट चढा, काम चोख

इथं डी२ (टूल स्टीलचा एक ग्रेड) चे पंच, म्हणजे प्रेसवर पत्र्याला भोकं पाडणारी हत्यारं, कडक करायला दिले होते. व्हॅक्यूम फर्नेसमध्ये (हवा काढलेल्या भट्टीत) १०३० डिग्रीच्या आसपास तापवून नायट्रोजनने थंड, मग ५२० ला टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करायला परत तापवणं), तेही दोनदा, कारण पहिल्या टेंपरिंगनंतर थंड होताना उरलेल्या ऑस्टेनाइटचं (तापलेल्या पोलादाची मऊ रचना) नवं मार्टेन्साइट (कडक रचना) होतं आणि ते ठिसूळच असतं, बरेच जण इथंच टाळाटाळ करतात नि मग प्रेसवर पंचच्या कडा उडतात. यांनी समोर हार्डनेस मारून दाखवला, ५८ एचआरसी (रॉकवेल, कडकपणाचं माप), दोन्ही टोकांना सेम. वर काळी पापडी पण नाही, त्यामुळे ग्राइंडिंग कमी लागलं. गुरुवारी बंद असतं. आणि माल देतानाच्या चलनावर ग्रेड, हार्डनेस स्वतः लिहा बरं का, काउंटरवरचा पोरगा नुसतं 'हार्ड करणे' लिहून मोकळा होतो.