गोवंडीतील वर्गखोलीत एअर प्युरिफायर: एका शिक्षिकेचे परीक्षण

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका देणगीदारांनी आमच्या गोवंडीतील महापालिका शाळेला घरगुती वापराचा एअर प्युरिफायर दिला आणि तो माझ्या दुसरीच्या वर्गात बसवण्यात आला. कंपनीचे नाव देत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक यंत्रांना पुढचे म्हणणे लागू पडेल.

यंत्र आपले काम चोख करते. दारे-खिडक्या लावून ते पूर्ण वेगाने चालवले की पडद्यावरचा पीएम २.५चा, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांचा आकडा अर्ध्या तासात बराच खाली येतो. बाहेरची जाळी धुताना बादलीतले पाणी काळे झालेले पाहून एका मुलीने विचारले, "बाई, हे आपल्या नाकात जात होतं?" होय, जात होते. एका बाजूला १९२७पासून कचरा घेणारे देवनारचे डम्पिंग ग्राउंड, आसपास सिमेंट-काँक्रीटचे प्लांट आणि रस्त्यावर अखंड अवजड वाहने, अशा वस्तीत ही मुले राहतात आणि तिथेच शिकतात. जानेवारी २०१६मध्ये डम्पिंगला आग लागली तेव्हा धुरामुळे परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

अडचण आहे ती खोलीची. आमचा वर्ग २५ फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच, म्हणजे सुमारे १४० घनमीटरचा आहे. यंत्राची क्षमता तासाला ३८० घनमीटर हवा गाळण्याची असल्याने तासाभरात वर्गातील हवा तीन वेळाही पुरती गाळली जात नाही. वर्गासाठी ती निदान पाच वेळा गाळली जावी, म्हणून दोन यंत्रे लागतात. खोक्यावर छापलेले चौरस फूट पाहून खरेदी करणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावे.

त्याहून मोठा प्रश्न खिडक्यांचा आहे. दोन तावदाने फुटलेली, एक झडप लागतच नाही, आणि सगळे कसेबसे बंद केले तर चाळीस मुलांच्या श्वासाने वर्ग इतका कोंदट होतो की मुले पेंगू लागतात. खिडक्या उघडल्या की बाहेरची धूळ पुन्हा आत येते. वातानुकूलित वर्ग असलेल्या खासगी शाळेत हेच यंत्र उत्तम चालेल, कारण तिथे खोली बंद ठेवण्याची सोय आधीच आहे आणि बाहेरची हवाही अनेकदा इथल्यापेक्षा बरी असते. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो, हे माझ्या मनाला फार लागते. शिवाय यंत्रातला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारी गाळणी, वायूंवर चालत नाही, आणि मधल्या सुट्टीत मैदानावर धावणाऱ्या मुलांच्या कामी तर कोणतेच यंत्र येत नाही.

आता फिल्टर बदलायला झाला आहे. नव्या फिल्टरचा खर्च देणगीत धरलेला नव्हता आणि शाळेच्या खर्चात त्यासाठी तरतूद नाही.

पाचपैकी तीन गुण देते. घरातील लहान, नीट बंद होणाऱ्या खोलीसाठी हे यंत्र अवश्य घ्यावे. शाळेला द्यायचे असेल तर आधी तावदाने बसवून द्यावीत, बाहेरची हवा गाळून आत घेणारा पंखा लावावा, मग प्रत्येक वर्गाला दोन यंत्रे आणि किमान तीन वर्षांचे फिल्टर द्यावेत. एवढा निधी नसेल तर एकच वर्ग पूर्ण करावा आणि तो दम्याचा त्रास असलेली मुले ज्या वर्गात जास्त आहेत तो असावा.