जुन्या वेलींची शिराझ : पाच बाटल्यांनंतर

गेल्या ऑगस्टमध्ये निफाडहून बाबा माझ्याकडे ऑस्ट्रेलियात आले होते. त्यांना ॲडलेडपासून तासाभरावरच्या बरोसा खोऱ्यात नेलं. वायनरी छोटी, घरचीच माणसं राबतात. छाटणी चालू होती. बाबा दारूला शिवत नाहीत, पण एका खोडाला हात लावून उभेच राहिले. पाटीवर लागवडीचं साल १९१२! ‘आपली द्राक्षबाग पंधरा वर्षांत थकते, काढावी लागते,’ म्हणाले. मग पहिला प्रश्न, ‘खुंट कुठला?’ म्हणजे वेलीचं कलम कुठल्या जातीच्या मुळांवर केलंय. आमच्याकडे क्षार आणि पाणीटंचाईपायी डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम केल्याशिवाय भागत नाही. इथे खुंटच नाही, वेल स्वतःच्या मुळांवर उभी. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा फस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचलीच नाही, म्हणून या वेली वाचल्या. पुढे १९८०च्या दशकात सरकारनेच पैसे देऊन बागा उपटायला लावल्या, त्यातूनही काही उरल्या.

त्याच वेलींच्या शिराझच्या, म्हणजे लाल वाइनच्या, सहा बाटल्या घेतल्या, ६० डॉलरला एक. स्वस्त नाही.

पहिली त्याच आठवड्यात उघडली आणि पस्तावलो. तुरट, बंद, शिवाय १४.५ टक्के अल्कोहोलचा झटका. उरलेली अर्धी दुसऱ्या संध्याकाळी घेतली तर वेगळीच : काळं मनुकं, मिरी, थोडं ज्येष्ठमध. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे त्या रेंगाळण्याचेच. दाट, जॅमसारखी शिराझ इथे वीस डॉलरलाही मिळते. तेव्हापासून दोन तास आधी जगमध्ये ओतून ठेवतो. तळाशी गाळ असतो, शेवटचा घोट सोडून द्यावा.

जेवणाचं म्हणाल तर झणझणीत रश्श्याबरोबर अजिबात नको, तिखट आणि अल्कोहोल मिळून घसा जाळतात. कमी तिखटाचं सुकं मटण उत्तम. शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगी तर त्याहून छान जमली, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

चौथ्या बाटलीचा दोष माझा. जानेवारीच्या चाळिशीपार उन्हाळ्यात ती फ्रिजवर राहिली, बूच वर सरकलं, चव शिजल्यासारखी. पाचवीला मात्र उघडताच ओल्या पुठ्ठ्याचा वास, म्हणजे दोष बुचाचा. इथे बहुतेकांनी फिरकीचं झाकण घेतलंय, यांचा हट्ट बुचाचा. कळवल्यावर बदली बाटली आली, पण दीड महिन्याने आणि तीनदा आठवण केल्यावर.

घेणाऱ्यांनी लेबलवर नुसतं ‘ओल्ड व्हाइन’ वाचून भुलू नये. बरोसाच्या जुन्या वेलींसाठीच्या २००९च्या सनदेत ३५ वर्षांपुढची वेल ‘जुनी’, ७०, १०० आणि १२५ला वरच्या पायऱ्या. ती सनद ऐच्छिक आहे, तेव्हा लागवडीचं साल विचारा.

सहावी आणि बदलीची, दोन्ही कपाटात आडव्या आहेत. बाबा जुलैत परत येतायत, छाटणीच्या वेळी. स्वतःची कात्री आणू का, असं विचारत होते.