थीम पार्कचा वार्षिक पास : तक्रार राइडबद्दल नाही, रांगेबद्दल आहे

वार्षिक पास घेऊ की नको असे विचारणाऱ्यांना राइडची यादी, उंचीच्या अटी, लॉकरचे भाडे आणि वॉटर पार्कमधला नायलॉनच्या कपड्यांचा नियम हे सारे आधीच पाठ असते, म्हणून त्यात शिरत नाही. पार्कचे नावही लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते गर्दीच्या कोणत्याही पार्कमध्ये अनुभवाला येईल. आम्ही चौघांचे पास गेल्या हिवाळ्यात सवलतीत घेतले. राइड चांगल्या राखलेल्या आहेत, स्वच्छतागृहे दुपारी चारपर्यंत तरी स्वच्छ असतात, आणि जेवण महाग असले तरी ते महाग असणार हे घरून निघतानाच माहीत असते. माझा सगळा राग एका गोष्टीवर आहे आणि ती गोष्ट पार्कने बांधलेली नाही, तिथे येणाऱ्यांनी आणलेली आहे : रांगेत एकाला उभे करायचे आणि अखेरीस त्याच्या नावावर अख्खे खानदान आत घालायचे.

ही पद्धत अशी चालते. फाटक उघडल्याबरोबर कुटुंबातला एक जण, बहुधा सोशिक चेहऱ्याचा एखादा मेहुणा, मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेला लागतो. बाकीचे तेवढ्या वेळात दोन लहान राइड उरकतात, वडापाव खातात, फोटो काढतात, आणि मेहुणा दाराजवळ पोचल्याचा फोन आला की रेलिंगखालून वाकत, मुलांना पुढे ढकलत, "जरा जाऊ द्या हो, आमची माणसं पुढे आहेत," म्हणत निघतात. पुढे माणूस एकच असतो आणि येणारे पाच-सात असतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही चेहऱ्यावर आपण काही गैर करत असल्याची खूण नसते, कारण त्यांच्या हिशेबी नंबर लावलेलाच आहे.

तो हिशेब मी उभ्या-उभ्या मांडून पाहिला, कारण त्या रांगेत दुसरे काही करण्यासारखे नसते. एका फेरीत चोवीस माणसे बसतात आणि बसणे, पट्टे तपासणे, फेरी व उतरणे धरून एका फेरीला पाच मिनिटे लागतात असे धरले, तर तासाला २८८ माणसे पुढे जातात. म्हणजे माझ्यापुढे २८८ माणसे दिसत असतील तर तासाभराने माझी पाळी यायला हवी. आता त्या रांगेतला दर दहावा माणूस आणखी चौघांसाठी उभा आहे असे समजा. अशी अठ्ठावीस माणसे झाली, त्यांच्यामागून येणारे ११२ झाले, आणि तेवढ्यांना जवळपास पाच जादा फेऱ्या लागल्या. दाराशी लावलेल्या फलकावर साठ मिनिटे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात पंचाऐंशी लागतात. ही पंचवीस मिनिटे कोणा एकाने घेतल्यासारखी दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल भांडायला समोर कोणी सापडत नाही. शनिवारी चार मोठ्या राइड केल्या तर जवळजवळ पावणेदोन तास असे जातात, आणि दिवसाच्या तिकिटाचे दर पाहता त्या वेळाची किंमत काढणे मला क्लेशकारक वाटते. (२०१८ मध्ये अशा उद्यानांच्या प्रवेशावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा मला झालेला आनंद या रांगांनी कधीच खाऊन टाकला आहे.)

हरकत घेतली तर उत्तर ठरलेले असते. "काका, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे." प्रश्न पाच मिनिटांचा असेल तर ती त्यांनी थांबावीत, हे माझे म्हणणे कोणालाही पटलेले नाही. याहून विचित्र गोष्ट अशी की मी बोललो की माझ्या मागे उभे असलेले, ज्यांचे माझ्याइतकेच नुकसान होत असते, ते मोबाइलमध्ये पाहू लागतात. याविषयी एक जुना प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅनले मिल्ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांमध्ये आपली माणसे मुद्दाम मध्येच घुसवून लोक काय करतात ते पाहिले आणि १९८६ मध्ये ते प्रसिद्ध केले. हरकत मुख्यतः घुसखोराच्या लगेच मागे उभा असलेला माणूस घेतो, आणि तो गप्प राहिला तर त्याच्या मागचेही बहुधा गप्प राहतात, असे त्यात आढळले. एकाऐवजी दोघे घुसले तर विरोध वाढतो, असेही दिसले. आमच्याकडे पाच-सात जण घुसूनही विरोध होत नाही, याचे कारण मला वाटते ते असे की ते एकाच वेळी सगळ्यांच्या पुढे घुसत नाहीत; प्रत्येकाच्या बाजूने क्षणभर सरकतात, आणि ज्याच्या पुढे अखेर थांबतात त्या एकट्यावर भांडणाचा भार टाकतात.

आपल्या लोकांना रांग जमतच नाही, हे मात्र मला मान्य नाही. मुंबईत बेस्टच्या थांब्यावर पावसात एकामागे एक उभी राहणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तिथे उद्या पुन्हा त्याच थांब्यावर, त्याच माणसांत उभे राहायचे असते. पार्कमध्ये आपण कोणाला पुन्हा भेटणार नसतो आणि तिकीट इतके महाग असते की आत शिरल्यापासून पैसे वसूल करण्याची घाई लागते. ती घाई मलाही असते, त्यात मी कोणाला दोष देत नाही. फक्त माझ्या वेळातून वसुली नको.

एप्रिलमध्ये मी तक्रार खिडकीवर गेलो. रांग मोडणाऱ्यास राइडवरून परत पाठवले जाईल, असे त्यांच्याच प्रवेशपत्राच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले आहे, ते मी खिडकीतल्या तरुणाला दाखवले. त्याने ते माझ्याबरोबर वाचले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, फॅमिली असते, आपण काय बोलणार?" मग त्याने मला खास बाब म्हणून एका राइडचा फास्ट ट्रॅक (एरवी पैसे देऊन मिळणारा, रांग टाळून आत नेणारा पास) देऊ केला. म्हणजे घुसखोरीची भरपाई म्हणून मी अधिकृतपणे दुसऱ्यांच्या पुढे जावे, असा तो प्रस्ताव होता. तो मी घेतला नाही, आणि घरातली मंडळी त्याबद्दल माझ्यावर संध्याकाळपर्यंत नाराज होती.

बाकीच्या गैरवर्तनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोस्टरवर लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा अडसर, लागल्यावर खिशातून फोन काढणारे असतात, त्यांच्यामुळे गाडी फलाटावर अडते, आणि एका टप्प्यात एकच गाडी सोडायची अशी यंत्रणा असल्याने मागून आलेली गाडी ब्रेकवर थांबून राहते. मुलाची उंची दोन सेंटिमीटरने कमी भरली म्हणून ऑपरेटरला आवाज चढवून बोलणारे पालक तर दर वेळी दिसतात. ती खूण शरीर बारमधून निसटू नये म्हणून ठेवलेली आहे, हे त्यांना त्या विशीतल्या मुलाने समजावायचे असते. वेव्ह पूलजवळच्या खुर्च्यांवर सकाळीच ओले टॉवेल टाकून दिवसभर फिरकत नाहीत, ते रांगवाल्यांचेच भाऊबंद.

इथपर्यंतचा मजकूर मे महिन्यात लिहिला होता. पुढचे पावसाळा ओसरल्यावर लिहितो आहे, आणि दोन-तीन बाबतींत मत बदलले आहे.

पहिली बाब सहलीच्या बसगाड्यांची. शाळा-कॉलेजचे घोळके दिसले की दिवस वाया गेला असे मी धरून चालत असे. जुलै-ऑगस्टमध्ये कामाच्या दिवशी गेलो तेव्हा उलट दिसले. मुले प्रचंड ओरडतात, पण सगळी एकत्र रांगेला लागतात, कारण कोणालाच मित्रांना सोडून एकट्याने उभे राहायचे नसते आणि सोबत शिट्टी घेतलेले एक सर असतात. जागा धरून ठेवण्याचा व्यवहार हा पूर्णपणे गृहस्थाश्रमी मंडळींचा आहे.

दुसरी बाब पार्कची. श्रावणात केव्हा तरी मोठ्या कोस्टरच्या रांगेत नवा फलक लागला आणि त्याखाली एक पर्यवेक्षक बाई उभ्या राहू लागल्या. नियम साधा आहे : तुमची माणसे मागे असतील तर पुढच्याने मागे जाऊन त्यांच्यात मिसळावे, मागच्यांनी पुढे येऊ नये. लहान मुलाला मध्येच स्वच्छतागृहात न्यावे लागले तर मूल आणि सोबतचा एक मोठा माणूस यांना बाई वेळ लिहिलेली चिठ्ठी देतात, आणि ती दाखवली की मागचे लोकही बिनतक्रार वाट देतात. पहिल्या दिवशी एका आजोबांनी त्यांच्याशी बराच वाद घातला. त्या फक्त "दादा, तुम्ही मागे या, नाहीतर त्यांना तिथेच थांबू द्या," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, आणि अखेर तो पुढचा दादा खरोखर मागे गेला. बारा महिन्यांत त्या पार्कमध्ये मला सर्वांत जास्त समाधान देणारे दृश्य ते होते, आणि त्यात सर्व राइड धरल्या आहेत. दुर्दैवाने ही व्यवस्था एकाच राइडपुरती आहे आणि बाई जेवायला गेल्या की रेलिंगखालून वाकणे पुन्हा सुरू होते.

तिसरी बाब फास्ट ट्रॅकची. त्याला माझा विरोध तत्त्वाचा होता. आता तो मुख्यतः पैशांचा आहे. अमेरिकेत डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो मोफत होता : ठरलेल्या वेळेची चिठ्ठी घ्यायची, मधल्या काळात हिंडायचे आणि त्या वेळी यायचे. २०२१ मध्ये तो बंद होऊन त्याजागी पैसे मोजण्याची सोय आली. शिवाय तिथल्या पाहुण्यांचेही वर्तन आदर्श होते असे नाही. अपंगांना थेट आत जाऊ देणाऱ्या सवलतीचा इतका गैरवापर झाला, की २०१३ मध्ये ती पद्धत बदलून त्यांनाही परत येण्याची वेळ देणे सुरू करावे लागले. सेल्फी स्टिकवर २०१५ मध्ये बंदी घालावी लागली. माझे म्हणणे इतकेच की वेळेची चिठ्ठी सर्वांना मोफत दिली तर मेहुण्याला उभे करण्याचे कारणच उरत नाही. आमच्या पार्कमध्ये ती विकली जाते, आणि रांग जितकी लांब व बेशिस्त दिसेल तितकी जास्त विकली जाते, ही गोष्ट दुपारी दीडच्या सुमारास फास्ट ट्रॅकच्या खिडकीसमोर उभे राहिले की ध्यानात येते. व्यवस्थापन हे मुद्दाम करते असा माझा आरोप नाही. पण एका राइडवर एक बाई उभ्या केल्याने जे साधले, ते उरलेल्या राइडवर करायला त्यांना घाई का वाटत नाही, याचे दुसरे उत्तर मला सुचलेले नाही.

आता खर्चाचे. पासची रक्कम आमच्या चौघांच्या फेऱ्यांत आरामात वसूल झाली, पण ती वसूल झाली पावसाळ्यातल्या मंगळवार-बुधवारच्या भेटींमुळे. फक्त शनिवार-रविवार व दिवाळीच्या सुट्टीतल्या भेटी हिशेबात धरल्या तर प्रत्येक राइडची किंमत दुप्पट पडते आणि शिवाय घरी येताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. ज्यांना आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा काढता येत नाही, त्यांनी हा पास घेऊ नये. त्यांनी वर्षातून एकदा तिकीट काढून, फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचून, सर्वांनी मिळून सर्वांत मोठ्या राइडकडे जावे, आणि अकरानंतर वॉटर पार्कमध्ये बसून राहावे.

आम्ही नूतनीकरण केले आहे, फक्त सुट्टीचे दिवस वगळणाऱ्या स्वस्त पासचे. धाकट्या मेहुण्यांनी पुढच्या मे महिन्यात आपल्या कुटुंबासह यायचे ठरवले आहे आणि "तुम्ही पासवाले आहात, लवकर जाऊन नंबर लावून ठेवा," असे सुचवले आहे. त्यांना हा मजकूर पाठवत आहे.